थिबाच्या आधीच पोखरलेलं राज्य

रत्नागिरीचा थिबा पॅलेस बघायला गेलं की ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा दुबळा होता, बायकोच्या मुठीत होता, म्हणून राज्य गेलं असं हमखास कानावर येतं. मला हे अन्यायाचं वाटतं. थिबा गादीवर बसला तेव्हा निम्मं राज्य आधीच गेलेलं होतं.

१८२६ मध्ये इंग्रजांशी लढाई हरल्यावर झालेल्या यांदाबो तहात आराकान आणि तेनासेरिम हे किनारपट्टीचे प्रांत इंग्रजांकडे गेले, वर एक कोटी रुपयांची खंडणी बसली. १८५२ च्या युद्धात रंगूनसह सगळा दक्षिण भाग गेला. हा घाव जिव्हारी लागणारा होता, कारण भाताचं कोठार तिथे आणि समुद्राकडची वाटही तिथूनच. उरलेल्या कोरडवाहू उत्तरेला तांदूळही इंग्रजांच्या मुलखातून आणावा लागे. थिबाचे वडील मिंदोन राजा यांनी मंडाले ही नवी राजधानी वसवली, करपद्धती सुधारली, नाणी पाडली. पण १८६६ मध्ये मिंदोनच्याच दोन मुलांनी बंड करून युवराज कनौंगला, म्हणजे सख्ख्या चुलत्याला ठार केलं. त्यानंतर मिंदोनने वारस नेमलाच नाही.

१८७८ मध्ये मिंदोन मरणपंथाला लागला, तेव्हा मधल्या महालाची राणी आणि मुख्य मंत्री किनवुन मिंजी यांनी एकोणीस वर्षांच्या थिबाला पुढे केलं. मठात शिकलेला, पाली ग्रंथांच्या परीक्षेत चमकलेला हा मुलगा आपल्या मुठीत राहील, हा त्यांचा हिशेब. राणीची मुलगी सुपायालत थिबाची पट्टराणी झाली. फेब्रुवारी १८७९ मध्ये कैदेतल्या राजपुत्र-राजकन्यांची, म्हणजे गादीवर हक्क सांगू शकतील अशा नातलगांची कत्तल झाली. हा डाग पुसता येणार नाही. हुकूम कुणाचाही असो, तो थिबाच्याच राज्यात सुटला. इंग्रजांना मात्र थिबाला क्रूर ठरवायला आयतं निमित्त मिळालं.

पुढे पूर्वेकडच्या डोंगरी मुलखातले शान सरदार फिरले, तिजोरी आटली, म्हणून दरबाराने सरकारी सोडत सुरू केली. आधाराला फ्रान्स हवा म्हणून जानेवारी १८८५ मध्ये त्यांच्याशी तह केला, आणि कलकत्त्यातलं इंग्रज सरकार बिथरलं. त्यातच मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने सागवानाचे ओंडके कमी दाखवून नेल्याचा ठपका ठेवून दरबाराने तिला सुमारे २३ लाखांचा दंड ठोठावला. इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता धाडला. नोव्हेंबरात त्यांच्या आगबोटी इरावतीतून वर सरकल्या. पंधरवड्यात मंडाले पडलं. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजा-राणीला बैलगाडीत बसवून नदीकाठी नेलं आणि आगबोटीवर चढवलं. १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाल्याची घोषणा निघाली. राजघराण्याला आधी मद्रासला, मग त्याच वर्षी रत्नागिरीला आणलं. थिबा तिथेच १९१६ मध्ये वारला.