स्पोर्ट्स कारला चिकटवलेला नंबर चालत नाही: नाशिकमध्ये एचएसआरपीचा अर्ज कुठे अडतो

बसक्या नाकाची स्पोर्ट्स कार असलेला माणूस एचएसआरपीचा, म्हणजे सरकारमान्य उच्च सुरक्षा नंबर प्लेटचा, अर्ज भरायला माझ्याकडे बसला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पुढच्या बंपरला भोकं नकोत. रेडियमवाल्याकडून नंबर कापून चिकटवला तर चालेल ना?"

नाही चालत. कॉलेज रोडला संध्याकाळी अशा दोन-चार गाड्या दिसतात म्हणून ते नियमात बसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ५० प्रमाणे प्लेट ॲल्युमिनियमची, एक मिलिमीटर जाडीची आणि उठावदार अक्षरांची असावी लागते. तिच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम असतो आणि खाली डावीकडे लेझरने कोरलेला दहा खुणांचा क्रमांक. तो क्रमांक सरकारच्या 'वाहन' प्रणालीत तुमच्या गाडीच्या नावावर चढतो. खरी प्लेट ओळखायची ती यावरून. त्यामुळे दुकानात मिळणारी, निळ्या रंगात 'आयएनडी' छापलेली हुबेहूब प्लेटसुद्धा रेडियमच्या नंबराइतकीच बाद आहे. तिच्यासाठी हजार-दीड हजार मोजून आलेली माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून तो खर्च करू नका.

हा अर्ज १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या गाड्यांसाठी आहे. ही तारीख फार जण चुकीची वाचतात. तुम्ही गाडी २०२२ मध्ये सेकंडहँड घेतली असेल, तरी पाहायची ती गाडीची पहिली नोंदणी. दुसरी गफलत आयात गाड्यांची. नव्या गाड्यांना कंपनीनेच प्लेट देण्याचा नियम १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या गाड्यांना लागू झाला. २०१८ मध्ये परदेशात बनलेली, पण शोरूममध्ये थांबून २०१९ च्या मध्यावर पासिंग झालेली गाडी म्हणूनच मधल्या मध्ये सापडते. तारखेचा वाद घालत बसण्यापेक्षा गाडीसमोर वाका आणि प्लेटवर लेझरचा क्रमांक आहे का ते पाहा. मुदतीचं म्हणाल तर आधी ३१ मार्च २०२५ होती, मग ३० जून, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर अशी सरकत गेली. दर वेळी "पुढे ढकलतीलच" म्हणून थांबलेल्यांची शेवटच्या आठवड्यात प्लेट बसवण्याच्या अपॉइंटमेंटसाठी धावपळ झाली.

अर्ज परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून करायचा. गुगलवर शोधून पहिली दिसेल ती साइट उघडू नका, नकली साइट्सनी लोकांचे पैसे खाल्ले आहेत. आरटीओचा कोड निवडायचा (नाशिक एमएच १५, मालेगाव एमएच ४१) की पुढची पानं आपोआप उघडतात. कारचं शुल्क ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे. गाडी सव्वा कोटीची असली तरी तेवढंच. मोबाईल नंबर स्वतःचा टाका. एजंटने त्याचा टाकला तर अपॉइंटमेंटचा मेसेज त्यालाच जातो आणि तुम्ही वाट पाहत राहता.

खरी अडचण येते ती चासी आणि इंजिन नंबरच्या शेवटच्या पाच अक्षरांशी. "माहिती जुळत नाही" एवढंच स्क्रीनवर येतं, काय जुळत नाही ते कोणी सांगत नाही. मला याचा खरोखर राग येतो, कारण माणूस दहा वेळा तेच टाकत राहतो. मागे एक पिवळी टू-सीटर घेऊन एक काका आले होते. काचेखालच्या पट्टीवरून त्यांनी चासी नंबर वहीत उतरवून आणला होता आणि त्यातल्या गोल आकड्याला 'ओ' समजले होते. सतरा खुणांच्या चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. गोल दिसलं की तो शून्य, उभी रेघ दिसली की तो एक. शून्य टाकल्याबरोबर अर्ज पुढे गेला.

कधी उलटंही होतं. गाडीवर नंबर बरोबर असतो, पण जुन्या नोंदी संगणकावर चढवताना कोणीतरी चूक केलेली असते. साइट नोंदीशी ताडून पाहते, गाडीशी नाही. म्हणून आधी आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) जे छापलंय तेच टाकून पाहा. नोंदच चुकली असेल तर पेठ रोडच्या कार्यालयात जाऊन ती दुरुस्त करून घेण्याला पर्याय नाही.

आरसीच्या स्मार्ट कार्डवरची अक्षरं पुसली गेली असतील तर? डिजिलॉकरवरून आरसी काढा असं सगळे सांगतात, पण तिथेही चासी नंबर विचारतातच. अशा वेळी विम्याची जुनी पॉलिसी शोधा. तिच्यावर चासी आणि इंजिन दोन्ही नंबर पूर्ण छापलेले असतात. आयात गाडीचा इंजिन नंबर बॉनेट उघडून शोधायला जाऊ नका, तो सहज दिसत नाही.

गाडी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर आधी प्लेट बसवा, मग नावांतराचे फॉर्म २९ आणि ३० भरा. एचएसआरपी नसलेल्या गाडीचं नावांतर, पत्ताबदल किंवा कर्जाचा बोजा उतरवणं आरटीओत अडवलं जातं. गाडी दिल्ली किंवा बंगळुरूची असेल तर मामला वेगळा. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर तिथली एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र, फॉर्म २८) आणून नाशिकचा नंबर घ्यावा लागतो, आणि प्लेट त्या नव्या नंबराची.

आता बंपर. आपल्याकडे कारसाठी दोन मापं आहेत, ५०० बाय १२० आणि ३४० बाय २०० मिलिमीटर. जर्मन प्लेट ५२० बाय ११० ची असते, म्हणून तिकडच्या गाडीच्या खाचेत आपली लांब प्लेट रुंदीत बसते, पण उंचीला थोडी अडते. जपानी खाच ३३० बाय १६५ च्या प्लेटसाठी असते. अमेरिकन प्लेट साधारण ३०५ बाय १५२. तिथे आपलं एकही माप नीट बसत नाही. अपॉइंटमेंटच्या आधी टेप घेऊन पुढची-मागची जागा मोजा आणि गाडीच्या कंपनीची मूळ प्लेट-चौकट मागवून लावून घ्या. बऱ्याच स्पोर्ट्स कारना पुढे टोइंगच्या हुकासाठी आटे पाडलेलं भोक असतं, झाकणाखाली लपलेलं. त्यात बसणारी चौकट मिळते, बंपरला एकही नवं भोक पाडावं लागत नाही. एचएसआरपी त्या चौकटीला स्नॅप लॉकने बसते. हे लॉक एकदा बसलं की तोडूनच निघतं, त्यामुळे प्लेट कुठे बसणार हे फिटमेंट सेंटरच्या मुलाला आधी बोट लावून दाखवा. त्याच्याकडे ड्रिल असतं आणि मागे रांग असते. तुमच्या कार्बन फायबरची काळजी त्याने घ्यावी ही अपेक्षा ठेवू नका. रेडिएटरची जाळी आणि पार्किंग सेन्सरही झाकले जात नाहीत ना, ते बघा. डबल टेपने चिकटवून द्यायची गळ मात्र घालू नका.

निघण्यापूर्वी दोन्ही प्लेटवरचे लेझर क्रमांक काचेवरच्या स्टिकरवर छापलेल्या क्रमांकांशी जुळवा. आतून काचेवर लावायचं हे स्टिकर म्हणजे गाडीची तिसरी नोंदणी खूण, आणि चिकटवायची असते ती हीच एक. पेट्रोल-सीएनजीला निळसर, डिझेलला केशरी. काढायला गेलं की ते फाटतं. समृद्धी महामार्गावर खडा लागून काच बदलावी लागली तर जुनं स्टिकर काचेबरोबर जातं आणि नवं मागवावं लागतं. काच बदलणाऱ्याला हे आठवत नाही, तुम्हीच लक्षात ठेवा.