‘नीट दिसत नाही’ म्हणजे धूसर दिसते की दोन दिसतात?

नेत्रतज्ज्ञाकडे येणाऱ्या अनेकांची तक्रार ‘नीट दिसत नाही’, ‘नजर ठरत नाही’, ‘डोळे जड वाटतात’ अशा मोघम शब्दांत मांडलेली असते. त्यात रुग्णाचा काही दोष नाही. दृष्टी बिघडल्याचे त्याला लगेच जाणवते, पण ती नेमकी कशी बिघडली हे पारखून पाहण्याची वेळ त्याच्यावर पूर्वी कधी आलेली नसते. मात्र या एकाच वाक्याखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात: एक म्हणजे धूसर दिसणे आणि दुसरी म्हणजे एका वस्तूच्या जागी दोन दिसणे. पहिलीचे कारण बहुधा डोळ्याच्या आतच सापडते. दुसरीचे मात्र डोळा फिरवणाऱ्या स्नायूंमध्ये, त्या स्नायूंच्या नसांमध्ये आणि क्वचित मेंदूतही असू शकते. त्यामुळे तपासणीची दिशा या फरकावरच ठरते.

प्रतिमेच्या कडा पुसट होतात, अक्षरे एकमेकांत मिसळतात, पण वस्तू एकच राहते, तेव्हा ते धूसर दिसणे होय. चष्म्याचा नंबर असेल तर प्रकाशकिरण दृष्टिपटलावर नेमके एकत्र येत नाहीत, मोतीबिंदूत ते गढूळ भिंगातून जाताना विखुरतात, आणि डोळा कोरडा असेल तर अश्रूंचा थर सलग राहत नाही. या शेवटच्या प्रकारात पापण्यांची उघडझाप केल्यावर क्षणभर स्पष्ट दिसते आणि पुन्हा धूसर होते, ही खूण रुग्णाने सांगितली तर निदान बरेच सोपे होते. मधुमेहात रक्तातील साखर खूप वरखाली झाली, तर भिंगाची शक्ती बदलून नंबरही बदलतो, म्हणून साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा न करणे शहाणपणाचे असते. पुठ्ठ्याला पाडलेल्या सुमारे 1 मिलिमीटरच्या छिद्रातून पाहिल्यावर अक्षरे स्पष्ट झाली तर दोष बहुधा नंबराचा असतो. तशी ती झाली नाहीत तर मोतीबिंदू, दृष्टिपटल किंवा दृष्टीची नस यांच्याकडे लक्ष द्यावे लागते.

दोन दिसण्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. प्रत्येक डोळ्याला फिरवणारे सहा स्नायू असतात आणि दोन्ही डोळ्यांच्या स्नायूंनी मिळून दोन्ही नजरा एकाच बिंदूवर रोखल्या, तरच मेंदू दोन प्रतिमांची एक करू शकतो. ही जुळणी ठळकपणे बिघडली की रुग्ण ‘दोन दिसतात’ असे स्पष्ट सांगतो. ती अगदी थोडी बिघडली, तर मात्र दोन प्रतिमा जवळजवळ एकमेकींवर बसतात आणि त्यांची फक्त कड सुटते. अशा वेळी रुग्ण प्रामाणिकपणे ‘धूसर दिसते’ असेच म्हणतो. गल्लत होते ती येथे, आणि माझ्या मते सर्वांत नुकसानही येथेच होते, कारण अशा माणसाचे चष्मे पुन्हा पुन्हा बदलले जातात, नंबर बरोबर असूनही त्रास कायम राहतो आणि शेवटी त्याच्या तक्रारीवरच शंका घेतली जाते.

उलट बाजूनेही फसगत होते. सिलिंड्रिकल नंबर (वेगवेगळ्या दिशांना वेगळा असणारा चष्म्याचा नंबर), सुरुवातीचा मोतीबिंदू किंवा कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, बिघडलेला आकार यांमुळे एकट्या डोळ्यातच मुख्य प्रतिमेशेजारी तिची फिकट सावली उमटते. रात्रीच्या दिव्याला किंवा चंद्राला जोडीदार दिसू लागला की माणूस मेंदूच्या आजाराच्या भीतीने घाबरून जातो. प्रत्यक्षात हा धूसरपणाच्याच कुळातला दोष असतो आणि त्याचे कारण डोळ्यातच असते.

या दोन्ही गल्लती सोडवणारी चाचणी घरीही करता येते: आधी एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून पाहावे, मग तो उघडून दुसरा झाकावा. दोन्ही वेळा झाकणे आवश्यक आहे, कारण केवळ ज्याच्याविषयी शंका आहे तोच डोळा झाकला तर जास्तीची प्रतिमा कोणत्याही कारणाची असली तरी नाहीशी होते आणि काहीच कळत नाही. कोणताही डोळा झाकला तरी प्रत्येक वेळी एकच स्वच्छ प्रतिमा उरत असेल, तर बिघाड दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे. एक डोळा एकटाच उघडा असतानाही त्याला सावली किंवा धूसरपणा दिसत असेल, तर बिघाड त्या डोळ्यात आहे.

जुळणीचा बिघाड आढळला की पुढची माहिती फार मोलाची ठरते. प्रतिमा शेजारी-शेजारी दिसत असतील आणि दूर पाहताना त्या अधिक फाकत असतील, तर मेंदूतून निघणाऱ्या क्रमांकित नसांपैकी डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या नसेचा संशय येतो. त्या वर-खाली किंवा तिरक्या दिसत असतील, विशेषतः वाचताना आणि जिना उतरताना त्रास वाढत असेल, तर चौथ्या नसेचा. सकाळी ठीक आणि दिवस कलताना वाढणारा त्रास मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू थकवणाऱ्या आजाराकडे बोट दाखवतो. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांमध्ये नसेचा रक्तपुरवठा खुंटून अचानक दोन दिसू लागतात, आणि हा बिघाड पुष्कळदा तीन-एक महिन्यांत ओसरतो. परंतु दोन दिसण्याबरोबर पापणी खाली पडली, बाहुली मोठी झाली किंवा तीव्र डोकेदुखी सुरू झाली, तर मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा तिसरी नस दाबत असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. पडलेली पापणी बाहुली पूर्ण झाकते तेव्हा दोन दिसणेच थांबते. हे बरे होण्याचे लक्षण समजू नये.

धूसरपणा मात्र नेहमीच सौम्य असतो असेही नाही. एका डोळ्याची दृष्टी न दुखता अचानक गेली, तर तीही तितकीच तातडीची बाब आहे.

लहान मुले या दोन्हींपैकी काहीच सांगत नाहीत. वाढत्या वयात नजरा जुळत नसतील, तर मेंदू एका डोळ्याची प्रतिमा दाबून टाकतो, त्यामुळे मुलाला दोन दिसत नाहीत. पण तो डोळा हळूहळू आळशी होतो. उन्हात एक डोळा मिटून घेणे, मान कलती ठेवून पाहणे किंवा दमल्यावर डोळा बाहेर सरकणे यांपैकी काही दिसले, तर मुलाच्या तक्रारीची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.