गोगीजिप

गोगीजिप : गिऱ्हाइकाने आपल्याच टेबलावरच्या शेगडीवर मांस भाजून खायचे, अशी दक्षिण कोरियातील खानावळ. कोरियन भाषेत ‘गोगी’ म्हणजे मांस आणि ‘जिप’ म्हणजे घर. बाहेरच्या जगात हिला ‘कोरियन बार्बेक्यू’ म्हणतात, पण सेऊलमध्ये संध्याकाळी कचेरीतून निघालेली मंडळी ‘बार्बेक्यूला जाऊ’ असे म्हणत नाहीत. ‘सामग्योपसाल खायला जाऊ’ म्हणतात, नाहीतर नुसतेच ‘गोगी खाऊ’.

गोगीजिपचे दोन थर मानता येतील. ‘हानू’ या देशी गाईबैलांचे मांस देणाऱ्या महागड्या जागा हा एक थर. तिथे सासरच्या मंडळींना नेतात, किंवा दुसरा कोणी पैसे भरणार असेल तर जातात. दुसरा थर डुकराच्या मांसावर चालणाऱ्या खिशाला परवडणाऱ्या खानावळींचा. प्रस्तुत नोंद या दुसऱ्या थराविषयी आहे.

या खानावळींचा मुख्य पदार्थ सामग्योपसाल, म्हणजे डुकराच्या पोटाचे मांस. ‘साम’ म्हणजे तीन, ‘ग्योप’ म्हणजे थर, ‘साल’ म्हणजे मांस. चरबी आणि मांसाचे एकाआड एक पट्टे दिसतात म्हणून हे नाव. जुना शब्द ‘सेग्योपसाल’ होता. आजचा शब्द कोशात आला तो १९९४ मध्ये. इतक्या अलीकडच्या शब्दाने देशाच्या राष्ट्रीय जेवणाची जागा घेतली, हे नवलच. त्याचे कारण असे सांगतात की १९७० च्या दशकात डुकराचे बिनचरबीचे मांस जपानला निर्यात होऊ लागले आणि पोट, पाय, आतडी हा उरलेला माल देशात स्वस्तात मिळू लागला. सगळेच अभ्यासक हे कारण पुरेसे मानत नाहीत. पण पुढे घरोघरी पोहोचलेली गॅसची छोटी शेगडी आणि चरबीचे हे मांस यांची जोडी जमली, एवढे खरे. खाणकामगार घशातली कोळशाची धूळ उतरावी म्हणून सामग्योपसाल खात, अशी एक कथाही लोक आवडीने सांगतात. पिवळ्या धुळीची वादळे आली की आजही कोणीतरी ती काढतोच. तिला शास्त्रीय आधार नाही, पण जेवायला निमित्त लागते. ३ मार्च हा तारखेतल्या दोन तिनांमुळे ‘सामग्योपसाल दिवस’ म्हणून पाळला जातो. ही टूम मुळात डुक्करपालक शेतकऱ्यांचा माल खपावा म्हणून निघाली.

टेबलाची रचना पाहण्यासारखी असते. मधोमध शेगडी आणि तिच्यावर छतातून लोंबणारी, सोंडेसारखी खालीवर होणारी धुराची नळी. बसायचे स्टूल पुष्कळदा पोकळ पिंपासारखे असते. बैठक उचलायची, आत कोट आणि पिशवी ठेवायची आणि झाकणावर बसायचे, म्हणजे कपड्यांना वास लागत नाही. स्टीलच्या काड्या, चमचे आणि कागदी रुमाल टेबलाच्याच खणात सापडतात. पाणी स्वतः आणायचे. वाढणाऱ्या बाईंना बोलवायचे तर टेबलावरचे बटण दाबायचे, नाहीतर ‘यॉगियो!’ (‘इकडे!’) किंवा ‘इमो!’ अशी हाक मारायची. ‘इमो’ म्हणजे आईची बहीण. अनोळखी बाईला मावशी म्हणून हाक मारायची रीत मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

शेगडी कोळशाची, गॅसची किंवा ‘योनतान’ची असते. योनतान म्हणजे भोके पाडलेली कोळशाच्या भुकटीची गोल वडी. एके काळी तिच्यावर सेऊलची घरे ऊब घेत आणि तिच्याच विषारी धुराने माणसे झोपेत मरतही. आता तीच वडी जुन्या दिवसांची आठवण म्हणून खानावळीच्या पाटीवर मिरवते. पुष्कळ ठिकाणी जाळीऐवजी बिडाचा तवा असतो आणि तो मुद्दाम एका बाजूला कललेला ठेवतात. वरच्या अंगाला मांस, खालच्या अंगाला किमची (तिखट मसाला लावून आंबवलेली कोबी) आणि मोड आलेले सोयाबीन. मांसाची सुटलेली चरबी ओघळत किमचीत येते आणि आंबट किमची तिच्यात परतली जाते. उरलेली चरबी काठाच्या भोकातून खाली लावलेल्या कागदी पेल्यात थेंब थेंब पडते. हा उतार हीच या स्वयंपाकातली खरी हुशारी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मांस लांब पट्ट्यांच्या रूपात येते आणि भाजता भाजता कात्रीने कापतात. स्वयंपाकघरातली कात्री पहिल्यांदा पाहणारा थबकतो, पण एका हाती चिमटा नि दुसऱ्या हाती कात्री असली की सुरी आणि पाट दोन्ही लागत नाहीत. भाजण्याचे काम बहुधा गटातल्या सर्वांत धाकट्याकडे किंवा ज्याला दुसऱ्याचे भाजणे पाहवत नाही त्याच्याकडे जाते. पट्टी सारखी उलटायची नाही, हा अलिखित नियम. एक बाजू तांबूस होऊन वर मांसरस तरारला की पलटायची आणि मग घासाएवढे तुकडे करायचे.

खाण्याची पद्धत विड्याची आठवण करून देते. तळहातावर सालडचे पान, त्यावर तुळशीच्या कुळातले दातेरी, उग्र वासाचे केन्निपचे पान, त्यात मांसाचा तुकडा, लसणाची कच्ची किंवा भाजलेली चकती, हिरवी मिरची आणि स्सामजांग (आंबवलेल्या सोयाबीनचे आणि लाल मिरचीचे वाटण एकत्र करून केलेले). पान मिटायचे आणि सगळे एका घासात तोंडात घालायचे. या विड्याला ‘स्साम’ म्हणतात. अर्धा चावून उरलेला हातात धरणे गबाळे दिसते. आवडत्या माणसाला स्साम बांधून भरवतातही. पाने, किमची, पातीच्या कांद्याची कोशिंबीर आणि इतर ‘बानचान’ (तोंडी लावणी) यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. संपले की पुन्हा मागायचे. कित्येक ठिकाणी कोपऱ्यात मांडून ठेवतात आणि आपण उठून आणायचे.

स्वस्ताईचे गणित यातच आहे. आचारी म्हणजे गिऱ्हाईकच, वाढपीही निम्मा तोच, आणि मांस निदान मुळात तरी कोणाला नको असलेले. मात्र मांस माणशी मोजून मिळते आणि बहुतेक जागी पहिली मागणी किमान दोन वाटे असावी लागते. त्यामुळे एकट्याने जेवणाऱ्याची पंचाईत होते. एकट्याच्या जेवणाला ‘होनबाप’ असा शब्द आहे, आणि आता एकेकट्यासाठी लहान शेगड्या मांडलेल्या खानावळीही निघाल्या आहेत. एक वाटा पूर्वी २०० ग्रॅम गृहीत धरला जाई. आता तो १८० किंवा १५० ग्रॅमवर आलेला सर्रास दिसतो, तेव्हा पाटीवरचा भाव वाचताना शेजारचा ग्रॅमचा बारीक आकडाही वाचावा. कोरियन ग्राहक संस्थेच्या आकडेवारीत मे २०२४ मध्ये सेऊलमधल्या २०० ग्रॅम सामग्योपसालची सरासरी किंमत प्रथमच २०,००० वॉनच्या, म्हणजे साधारण १,२०० रुपयांच्या वर गेली. ती मोठी बातमी झाली. सामग्योपसालच महागले तर मग स्वस्त काय राहिले, असा तिचा सूर होता.

त्यावर खानावळवाल्यांनी काढलेल्या वाटा अनेक. ‘नेंगसाम’ म्हणजे गोठवलेले पातळ सामग्योपसाल, अॅल्युमिनियमच्या कागदावर भाजलेले. आईवडिलांच्या तरुणपणीची ही चव आता तरुणांत फॅशन झाली आहे. ‘देपे सामग्योपसाल’ त्याहून पातळ. देपे म्हणजे सुताराचा रंधा, आणि ते मांस खरोखरच रंध्यातून निघालेल्या छिलपीसारखे गुंडाळी होऊन येते. तव्यावर टाकताच काही सेकंदांत शिजते आणि ताटलीभर मागवूनही पोट भरल्यासारखे वाटत नाही. तिसरी वाट ‘मुहान रिफिल’ची, म्हणजे माणशी ठरावीक पैसे भरून हवे तितके मांस. विद्यार्थ्यांची गर्दी इथे. बसायला वेळेची मर्यादा असते आणि ताटात टाकून दिले तर दंड आकारण्याची पाटी लावलेली असते. मांस बहुधा आयात केलेले. कोणत्या देशाचे ते फलकावर लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे.

मांसाबरोबर सोजू ही कोरियन दारू आलीच, ३६० मिलीलीटरची हिरवी बाटली. आपला पेला आपण भरायचा नसतो. वडीलधाऱ्यांना दोन्ही हातांनी ओततात आणि त्यांच्यासमोर पिताना तोंड जरा वळवतात. कंपनीच्या सामूहिक जेवणाला ‘ह्वेशिक’ म्हणतात. त्याची पहिली फेरी पिढ्यान्‌पिढ्या गोगीजिपमध्येच होत आली. साहेब उठल्याशिवाय कोणी उठायचे नाही, ही जुनी सक्ती नव्या पिढीला नकोशी झाली आहे.

शाकाहाऱ्याने मात्र फार आशा ठेवू नये. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचे पाणी असते आणि सोयाबीनच्या रश्शालाही सुक्या मासळीचा अर्क लावतात. पुण्याच्या आसपास, रांजणगावसारख्या ठिकाणी, कोरियन कंपन्यांचे कारखाने आले आणि त्यांच्यासोबत आलेल्या कुटुंबांमुळे पुण्यात कोरियन खानावळीही निघाल्या. पण सेऊलमध्ये जे कचेरी सुटल्यावर सहज घडते, ते इथे आठवडाभर आधी ठरवून केलेला बेत होते.

मांस संपले म्हणजे जेवण संपले असे नाही. ‘आता जेवायला काय घेणार?’ असे इमो तेव्हा विचारतात. जेवण म्हणजे भात किंवा नेंगम्योन, बर्फाळ रश्श्यातल्या शेवया. उतरत्या तव्यावर उरलेली किमची आणि मांसाचे तुकडे कात्रीने बारीक करून, भात, समुद्री शेवाळाचा चुरा आणि तिळाचे तेल घालून परततात. मग तो भात तव्यावर थापून तसाच राहू देतात. तळाला धरलेली खरपूड चमच्याने खरवडण्यासाठी टेबलावर जी झटापट होते, ती आपल्याकडच्या बासुंदीच्या पातेल्याभोवती होते तशीच.

बिल दाराजवळच्या गल्ल्यावर भरतात, बक्षिशी देत नाहीत. गल्ल्यापाशी पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी आणि कपड्यांवर मारायचा सुगंधी फवारा ठेवलेला असतो. फवारा सगळेच मारतात, तरी परतीच्या मेट्रोत शेजारच्याला कळायचे ते कळतेच.