मत्स्यशेतीतील रोगजंतूंचे जलद निदान

आजारी माशांत कोणता रोगकारक जीवाणू आहे, हे काही मिनिटांत किंवा तासांत ओळखण्याच्या पद्धती. जुन्या रीतीने माशाच्या मूत्रपिंडातला नमुना पोषक माध्यमावर वाढवतात. जीवाणूंच्या वसाहती (डोळ्यांना दिसणारे ठिपके) दिसायला २४ ते ४८ तास लागतात आणि जात पक्की करायला आणखी काही दिवस. तेवढा वेळ तळ्यापाशी नसतो. औषध बहुधा खाद्यातून देतात आणि आजारी मासा आधी खाणेच सोडतो.

बडोद्याच्या आसपास, डभोई-वाघोडियाकडच्या गावतळ्यांत, पाणी गोडे आणि मासे मुख्यतः कटला, रोहू, मृगळ. त्यांचा नेहमीचा शत्रू ऐरोमोनास हायड्रोफिला हा जीवाणू: अंगावर रक्ताळलेले चट्टे, व्रण, फुगलेले पोट. पण असेच व्रण अफॅनोमायसिस इन्व्हेडन्स या बुरशीसदृश जीवानेही पडतात आणि त्यावर प्रतिजैविकाचा उपयोग नाही. नुसत्या नजरेने औषध ठरवणे इथे घातक ठरते. भरूचपासून दक्षिणेला किनाऱ्यावरच्या कोळंबीत मात्र व्हिब्रिओ गटातले जीवाणू शोधावे लागतात.

पीसीआर ही चाचणी (१९८३) जीवाणूच्या ठरावीक जनुकाच्या असंख्य प्रती काढते. दोन-तीन तास पुरतात, पण तापमान सतत बदलणारे यंत्र लागते. २००० साली जपानमध्ये मांडलेली लॅम्प पद्धतही जनुकाच्या प्रतीच काढते, पण ती ६० ते ६५ अंशांच्या एकाच तापमानावर तासाभरात होते. गरम पाण्याच्या साध्या पात्रावर चालते, निकाल रंगावरून वाचता येतो; तळ्याकाठी हीच खरी उपयोगाची. प्रतिपिंडांची (जंतूला नेमकी चिकटणाऱ्या प्रथिनांची) पट्टी १०-१५ मिनिटांत उत्तर देते, पण जंतू थोडे असले तर चुकते.

निकाल वाचण्यात मोठी मेख आहे. ऐरोमोनास तळ्याच्या पाण्यात आणि निरोगी माशाच्या आतड्यातही राहतो. तो ‘सापडला’ म्हणजे त्यानेच रोग केला असे होत नाही. म्हणून नमुना मूत्रपिंडातून घ्यावा आणि एरोलायसिनसारख्या विषाचे जनुकही तपासावे. मासा जिवंत पण आजारी हवा. तरंगणारा मेलेला मासा नको. बडोद्याच्या मे महिन्यातल्या उन्हात त्यात पाण्यातले इतर जंतू लगेच शिरतात. मृत जीवाणूंचा डीएनएही या चाचण्यांत दिसतो, त्यामुळे उपचारानंतरचा ‘आहे’ हा निकाल जपून घ्यावा. कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे अजूनही मुख्यतः जिवंत जंतू वाढवूनच पाहतात. तेव्हा औषध देण्यापूर्वीच दुसरा नमुना बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत पाठवावा.