द्रायुयामिकी प्रयोगशाळा

द्रायुयामिकी प्रयोगशाळा : द्रव आणि वायू या दोहोंना मिळून द्रायू म्हणतात. द्रायूचा दाब, वेग, विसर्ग (दर सेकंदाला वाहून जाणारे आकारमान) आणि वाटेत होणारा ऊर्जेचा ऱ्हास विद्यार्थ्याने स्वतः मोजावा यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांत व तंत्रनिकेतनांत उभारलेली प्रयोगशाळा. स्थापत्य आणि यंत्र या शाखांच्या विद्यार्थ्यांशी तिचा मुख्य संबंध येतो. जुने प्राध्यापक तिला ‘हायड्रॉलिक्स लॅब’ म्हणतात, विद्यार्थी ‘एफएम (फ्लुइड मेकॅनिक्स) लॅब’. प्रस्तुत नोंदीत सर्वसाधारण इतिहासाबरोबर नाशिकचा स्वतंत्र विचार केला आहे. कारण तेथे महाविद्यालयीन प्रयोगशाळा, जलसंशोधन संस्था, धरण, जुने बंधारे आणि ठिबक सिंचनावरच्या बागा एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात.

इतिहास : या प्रयोगशाळेतील बरीचशी उपकरणे प्रयोगशाळेहून वयाने मोठी आहेत. छिद्रातून पडणाऱ्या धारेच्या वेगाचा नियम टॉरिचेल्ली यांनी 1644 मध्ये मांडला. छिद्राबाहेर आल्यावर धार थोडी आकसते, हे न्यूटन यांनी 1713 च्या सुमारास नोंदवले. पिटो यांनी 1732 मध्ये सीन नदीत वाकवलेली नळी धरून वेग मोजला. डॅनिएल बेर्नुली यांचा ग्रंथ 1738 चा. आकुंचित नळीवरचे व्हेंच्युरी यांचे प्रयोग 1797 मध्ये प्रसिद्ध झाले, मात्र त्यांवरून प्रवाहमापक बनवून त्याला व्हेंच्युरींचे नाव देण्याचे काम क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकन अभियंत्याने 1887 च्या आसपास केले. म्हणजे नाव ज्यांचे, त्यांनी ते उपकरण कधी पाहिलेही नव्हते. उघड्या पाटातील प्रवाहाचे सूत्र मॅनिंग यांच्या नावाने शिकवले जाते (1889). त्याच धर्तीचे सूत्र गॉक्लर यांनी 1867 मध्येच दिले होते, त्यामुळे काही लेखक दोघांची नावे जोडून लिहितात आणि ते अधिक रास्त वाटते.

विद्यार्थ्यांसाठीची पहिली जलप्रयोगशाळा कोणती, याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे हुबर्ट एंगेल्स यांनी 1898 मध्ये उभारलेल्या नदी-प्रयोगशाळेला पुष्कळदा अग्रमान दिला जातो. पण तिचा रोख नद्यांच्या प्रतिकृतींवर होता. अमेरिकेतील वुस्टरजवळची ऑल्डेन प्रयोगशाळा 1894 ची असून ती एका शिक्षणसंस्थेची म्हणून, अध्यापनाशी जोडूनच सुरू झाली. ‘विद्यार्थ्याच्या हाताने मोजमाप’ हा निकष धरला तर ऑल्डेनचा दावा अधिक सयुक्तिक ठरतो. भारतात रूरकी (1847) आणि पुणे (1854) येथे अभियांत्रिकी शिक्षण सुरू झाले ते पाटबंधारे व सार्वजनिक बांधकामाच्या गरजेतून. मुंबई इलाख्याने 1916 मध्ये पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठी जो छोटा विभाग काढला, त्याचीच पुढे खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था झाली.

रेनल्ड्झ यांचा प्रयोग : काचेच्या नळीत संथ वाहणाऱ्या पाण्यात रंगाचा बारीक धागा सोडायचा आणि झडप हळूहळू उघडत जायची. आधी धागा सुतासारखा सरळ जातो, मग थरथरतो आणि एका क्षणी विस्कटून सगळे पाणी रंगते. पहिला प्रवाह स्तरित, शेवटचा संक्षोभी. ऑस्बर्न रेनल्ड्झ यांनी मँचेस्टर येथे केलेला हा प्रयोग 1883 मध्ये प्रसिद्ध झाला. वेग आणि व्यास यांच्या गुणाकाराला शुद्धगतिक श्यानतेने (द्रायूचा चिकटपणा भागिले घनता) भागले की जो परिमाणरहित अंक येतो, त्याला ‘रेनल्ड्झ अंक’ हे नाव झोमरफेल्ट यांनी 1908 मध्ये दिले.

हा अंक किती झाला की प्रवाह बदलतो? क्रमिक पुस्तकांत कुठे 2,000 तर कुठे 2,300 लिहिलेले असते आणि तोंडी परीक्षेत विद्यार्थी नेमका येथे अडतो. खुद्द रेनल्ड्झ यांनी दोन वेगळ्या मर्यादा सांगितल्या होत्या. लांब नळीतील दाबाच्या ऱ्हासावरून त्यांना सुमारे 2,000 ही खालची मर्यादा मिळाली. तिच्याखाली खळबळ उठवली तरी ती विरून जाते. रंगाच्या प्रयोगात मात्र टाकीतले पाणी पुरेसे निवलेले आणि नळीचे तोंड घंटेसारखे गुळगुळीत असेल, तर 12,000 ते 13,000 पर्यंत धागा सरळ राहिला. एकमन यांनी 1910 मध्ये रेनल्ड्झ यांचेच मूळ उपकरण वापरून 40,000 च्या वर मजल मारली. उलट, रस्त्यावरच्या वाहतुकीचे हादरे बसू लागल्यावर त्याच उपकरणात रेनल्ड्झ यांचा 13,000 चा आकडाही गाठता येईना. तात्पर्य, वरची मर्यादा हा पाण्याचा गुणधर्म नसून बाहेरून येणाऱ्या धक्क्यांचा हिशेब आहे. खालच्या मर्यादेविषयी 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात 2,040 च्या आसपासचा आकडा मिळाला, आणि सध्या तोच अधिक विश्वसनीय मानावा.

म्हणून एखाद्या बॅचला 1,900 आणि दुसरीला 3,100 आले, तर दोन्ही वाचने जर्नलमध्ये जशीच्या तशी लिहिली पाहिजेत. टाकी भरून किती वेळ झाला, शेजारचा पंप चालू होता का, टेबलाला कोणी टेकले होते का, हे त्या आकड्याशेजारी नोंदवले की प्रयोग पुरा होतो. पुस्तकातला 2,000 उतरवून सबमिशन उरकणे ही या प्रयोगशाळेतली सर्वांत मोठी हानी आहे, कारण त्या विद्यार्थ्याला पुढे कोणत्याही मोजमापातला धक्का ओळखता येत नाही.

विसर्ग गुणांक : सूत्राने काढलेला विसर्ग आणि प्रत्यक्ष टाकीत जमलेले पाणी यांचा मेळ बसत नाही. प्रत्यक्ष विसर्गाला सैद्धांतिक विसर्गाने भागून येणारा विसर्ग गुणांक व्हेंच्युरीमापकासाठी साधारण 0.95 ते 0.99, धारदार मुखछिद्रासाठी 0.60 ते 0.65 आणि काटकोनी त्रिकोणी खाचेसाठी 0.60 च्या अलीकडे-पलीकडे असतो. पाणी सांडण्यासाठी उभ्या पत्र्यात कापलेली त्रिकोणी खाच (व्ही-नॉच) बेलफास्ट येथील जेम्स थॉमसन यांनी 1858 च्या सुमारास अभ्यासली.

काटकोनी खाचेतून जाणारा विसर्ग पाण्याच्या उंचीच्या अडीचाव्या घाताने बदलतो. खाचेच्या टोकापासून पाणी 8 सेंमी. उंच असेल तर सैद्धांतिक विसर्ग सेकंदाला 4.28 लिटर येतो. 60 × 60 सेंमी. तळाच्या टाकीत पाणी 20 सेंमी. चढायला 28 सेकंद लागले, तर जमलेले पाणी 72 लिटर, प्रत्यक्ष विसर्ग 2.57 लिटर आणि गुणांक 0.60. आता आकडीची मोजपट्टी (टोक वर वळलेल्या आकडीने पाण्याची पातळी मोजणारे साधन) वाचताना 1 मिमी.ची चूक होऊन 8.1 सेंमी. लिहिले गेले, तर सैद्धांतिक विसर्ग 4.41 लिटर होतो आणि गुणांक 0.58 वर घसरतो. उंचीतली सव्वा टक्क्याची चूक अडीच पटींनी वाढून तीन टक्क्यांच्या वर गेली. फळ्यावर हे एका ओळीत सांगून होते, पण मनात ठसते ते वाकून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडीचे टोक पृष्ठभागाला खालून टेकवताना. घड्याळाचेही तसेच: बटण दाबण्यात 0.2 सेकंद इकडेतिकडे झाले तर 28 सेकंदांत ते फारसे जाणवत नाही. पाणी 5 सेंमी. चढताच घाईने घड्याळ बंद केले तर 7 सेकंदांत तेच तीन टक्के होतात.

शून्य वाचनाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. खाचेच्या टोकाची पातळी मोजपट्टीवर किती, हे आधी ठरवावे लागते. नुसते पाणी ठिबकायचे थांबले म्हणजे शून्य, असे धरले की पृष्ठताणामुळे एक-दोन मिलिमीटरची चूक सगळ्या वाचनांत शिरते. उंची खाचेला चिकटून न घेता, उंचीच्या तीन-चार पट अंतर मागे घ्यावी. कमी उंचीला पाण्याचा पडदा पत्र्याला चिकटून वाहतो; ती वाचने टाकून द्यावीत.

व्हेंच्युरीच्या प्रयोगात यू-नळीत पारा असेल तर पाऱ्याच्या पातळीतील फरकाला 12.6 ने गुणून पाण्याचे शीर्ष (दाबाइतकी पाण्याच्या स्तंभाची उंची) मिळते. 13.6 या पाऱ्याच्या सापेक्ष घनतेने नव्हे, कारण खालच्या भुजेत पाऱ्याच्या डोक्यावर पाणीच असते. रबरी नळीत हवेचा एक बुडबुडा अडकला की सगळे वाचन फसते. तो टिचक्या मारत वर आणून झडपेतून काढणे हे लॅब असिस्टंटकडूनच शिकण्याचे कसब आहे. पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार भारताने 2018 मध्ये मान्य केला. त्यानंतर नव्या संचांत पाऱ्याऐवजी दाबमापक व विद्युत संवेदक बसवणे हेच इष्ट आहे. त्यांत बुडबुडा दिसत नाही, एवढी खंत मात्र राहते.

नाशिक : क. का. वाघ (1984) आणि मराठा विद्या प्रसारक समाज (1999) या संस्थांची अभियांत्रिकी महाविद्यालये पुणे विद्यापीठाच्या (आताचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) कक्षेत सुरू झाली. प्रयोगांची यादी अन्य ठिकाणांसारखीच. वेगळे आहे ते हवामान आणि परिसर.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मी. उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब पाण्याच्या सुमारे 9.6 मी. स्तंभाइतका भरतो, पुस्तकी उदाहरणांत सर्रास 10.3 मी. धरलेला असतो. केंद्रोत्सारी पंपाच्या चूषण उंचीचे (पंप किती खालून पाणी ओढू शकेल याचे) गणित करताना हा पाऊण मीटरचा फरक सोडता येत नाही. 30° से. तापमानाच्या पाण्याचा बाष्पदाब आणखी 0.4 मी. खातो. निफाड-नाशिकची थंडीही प्रयोगात उतरते. पाणी 15° ला असताना त्याची श्यानता 30° पेक्षा 1.4 पट असते. 25 मिमी. व्यासाच्या नळीत रेनल्ड्झ अंक 2,000 होण्यासाठी थंडीतल्या सकाळी सेकंदाला 9.1 सेंमी. वेग लागतो, तर उन्हाळ्यात 6.4 सेंमी. पुरतो. त्यामुळे संपातल्या (प्रयोगशाळेच्या जमिनीखालच्या टाकीतल्या) पाण्यात तापमापी बुडवल्याखेरीज हा प्रयोग सुरू करू नये.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून ‘इतके क्युसेक विसर्ग’ अशी बातमी रोज येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर, वरच्या उदाहरणातल्या अकरा खाचा. पुराची पातळी मात्र नाशिककर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: पाणी पायाला लागले, कमरेला आले, छातीपर्यंत चढले. 1969, 2016 आणि 2019 च्या पुरांच्या आठवणी याच मापात सांगितल्या जातात. तांत्रिक दृष्ट्या मारुती ही पातळीची मोजपट्टीच आहे. पातळी आणि विसर्ग यांचा वक्र काढला की कमरेचे किती क्युसेक हे काढता येईल. विद्यार्थ्यांना हा प्रकल्प जरूर द्यावा, अट एवढीच की पात्राचा छेद आणि पुलांचा अडथळा मोजणीत यायला हवा.

दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (‘मेरी’) 1959 ची. धरणांचे सांडवे व कालव्यांवरील बांधकामे यांच्या प्रतिकृतींवरील अभ्यासाशी तिचे नाव जोडलेले आहे. प्रतिकृतीत गुरुत्वाचा प्रभाव मुख्य, म्हणून फ्रूड अंक (प्रवाहाचा वेग आणि गुरुत्व यांचे प्रमाण सांगणारा अंक) सारखा ठेवतात. 1:50 प्रमाणात वेग सात पटींनी आणि विसर्ग सुमारे 17,700 पटींनी घटतो, म्हणजे सेकंदाला 1,000 घनमीटर विसर्गासाठी प्रतिकृतीत सेकंदाला 57 लिटर पाणी पुरते. रेनल्ड्झ अंक मात्र त्याच वेळी साधत नाही. तो सुमारे 350 पटींनी कमी होतो, आणि प्रतिकृती शक्य तितकी मोठी का ठेवतात याचे कारण यातच आहे.

द्राक्षबागेतील ठिबक संचावर खत सोडण्यासाठी बसवलेला प्लॅस्टिकचा तुकडा शेतकरी ‘व्हेंच्युरी’ म्हणूनच ओळखतो. मुख्य व्हॉल्व्ह थोडा बंद केला की तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडतो, अरुंद गळ्यात दाब हवेच्या दाबाखाली उतरतो आणि बादलीतले खत वर ओढले जाते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला तर खत हलत नाही. पिंपळगाव-दिंडोरीकडच्या विद्यार्थ्याने हे लहानपणापासून पाहिलेले असते. प्रयोगाची सुरुवात तेथून केली तर बेर्नुलींचे समीकरण (वेग वाढतो तेथे दाब घटतो) पाठ करावे लागत नाही.

क्षेत्रीय मोजमाप : मोसम, आरम, गिरणा, पांझरा या नद्यांवरील फड पद्धतीचे (शेतकऱ्यांनी सामूहिकरीत्या चालवलेल्या सिंचनाचे) बंधारे नाशिक व धुळे जिल्ह्यांत आहेत. पद्धतीचा काळ निश्चित नाही. सामान्यतः ती तीन-चारशे वर्षांची समजली जाते, काही जण तिला आणखी मागे नेतात. तीन-चारशे वर्षांचा अंदाजच तूर्त ग्राह्य धरावा. पाण्याची वाटणी पाटकरी (पाटाच्या पाण्याची व्यवस्था पाहणारा माणूस) नजरेने करतो. त्या पाटावर विसर्ग मोजायला तरंगती वस्तू पुरते: सरळ, एकसारख्या छेदाचा 20–30 मी. पल्ला निवडावा, अर्धी बुडेल अशी लाकडी ठोकळी मध्यभागी सोडावी, वेळ घ्यावा. पृष्ठवेगाला 0.80 ते 0.85 ने गुणले की सरासरी वेग मिळतो. वारा असेल त्या दिवशी ठोकळीऐवजी पाणी भरून जड केलेली बाटली सोडतात, म्हणजे ती पृष्ठभागाखालून वाहते.