ढिला स्क्रू, वल्लं लाकूड आणि जवसाचं तेल

पोळा झाला की आमच्याकडे पाऊस जरा दम खातो, तेव्हाची गोष्ट. पुतण्या गोठ्यामागं एअर रायफल घेऊन बसला होता, दहा मीटरवर पुठ्ठा लावलेला, आणि मे महिन्यात ज्या बंदुकीनं पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे मारले होते ती आता तळहाताएवढ्या जागेत शेण शिंपडल्यासारखी मारत होती. छर्रे तेच, माणूस तोच. पोरगं म्हणे काका स्प्रिंग गेली असंल. मी शाळेत सायन्स शिकवतो म्हणून घरात काहीही बिघडलं की मलाच विचारतात, मिक्सरपासून मोटरपंपापर्यंत, आणि बहुतेक वेळा मला येत नाही.

बंदूक म्हणजे साधी स्प्रिंगवाली, नळी मोडून ताणायची, नळीच्या भोकाचं माप म्हणजे कॅलिबर ४.५ मिमी. एवढ्या कॅलिबरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर गनला लायसन लागत नाही. तिचा मूळचा प्लॅस्टिकचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग ज्यात लोखंड बसतं, तो काढून पोरानं ऑनलाईन अक्रोडाचा मागवला होता, अर्धा कोरलेला, आतली खाच आपण बसवून घ्यायची, वरून घासून पॉलिश आपणच करायचं. एप्रिल-मे सुट्टीत आम्ही दोघांनी ते केलं. कूलरसमोर बसून. हे कूलरसमोर बसून पुढं महागात पडलं.

आधी एक शंका जी मलाही आली होती. नेम धरायच्या दोन्ही साईट लोखंडावरच असतात, नळीपण लोखंडाची, मग खालचं लाकूड अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झालं तर छर्ऱ्याला काय फरक पडतो? फरक पडतो कारण स्प्रिंगवाली बंदूक छर्रा नळीत असतानाच हलायला लागते. घोडा दाबला की आतला पाव किलोच्या आसपासचा पिस्टन पुढं झेपावतो, त्यामुळं बंदूक मागं येते, मग पिस्टन दाबलेल्या हवेच्या उशीवर आपटून उलटतो आणि बंदूक पुढं जाते, असा दुहेरी झटका. छर्रा जेमतेम अर्धा ग्रॅमचा, तो बाहेर पडेपर्यंत नळीचं तोंड थोडं सरकलेलं असतंच. ते टाळता येत नाही पण दर वेळी एकसारखं सरकलं तर चालतं, नेम त्या हिशोबानं लावून घेता येतो. दस्ता आणि लोखंड यांची पकड दर वेळी वेगळी असली की सरकणं वेगळं, आणि मग पुठ्ठ्यावर शेण. (ज्या स्पर्धेत अभिनव बिंद्रानं २००८ मधे बीजिंगला गोल्ड घेतलं त्या १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो, आजकाल त्या रायफलींना बरेचदा अॅल्युमिनियमचा दस्ता असतो तो काही शोभेसाठी नाही.)

पान्यानं स्क्रू तपासले तर पुढचे दोन्ही ढिले. पोरानं शपथ घेतली की मी दर आठवड्याला आवळतो. तेच तर, म्हणाले सुतारमामा. आमच्या गावात बैलबंडीची चाकं करणारे ते शेवटचे, आता दारं-खिडक्या करतात. त्यांनी स्क्रूखालची जागा नखानं दाबून पाहिली, तिथं लाकडात वाटीसारखा खड्डा पडलेला. "सर, स्क्रू नाई ढिला झाला, लाकूड दबलं हाय. तुमी त्याले फुगू बी नाई देलं आन वाळू बी नाई देलं."

आता यात विज्ञान काय ते सांगतो, कारण मामांनी जे एका वाक्यात सांगितलं ते मला दोन दिवस वाचून समजलं.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी, झाडाच्या उंचीच्या दिशेत उभ्या. नळ्यांच्या भिंती सेल्युलोजच्या धाग्यांच्या, आणि या धाग्यांना पाणी आवडतं, हवेतल्या वाफेचे रेणूसुद्धा ओढून घेतात. पाणी धाग्यांच्या मधे घुसलं की धागे बाजूला सरकतात, पण लांब होत नाहीत. म्हणून लाकूड लांबीत जवळपास जसंच्या तसं राहतं आणि रुंदीत फुगतं. ओलं कच्च लाकूड पूर्ण वाळवलं तर अक्रोड वर्षाच्या कड्यांच्या दिशेत साधारण ७ ते ८ टक्के आक्रसतं, सागवान ५ च्या आसपास, लांबीत दोघंही ०.१ ते ०.२ टक्के फक्त. आणि हा सगळा खेळ वजनाच्या साधारण ३० टक्के पाण्याच्या खालीच चालतो, त्याच्या वरचं पाणी नळ्यांच्या पोकळीत नुसतं भरलेलं असतं, त्यानं वजन वाढतं, आकार नाही.

हवा कोरडी तर लाकूड पाणी सोडतं, दमट तर घेतं, आणि शेवटी एका आकड्यावर येऊन थांबतं. आमच्याकडे मे मधे दुपारी ४५ डिग्री आणि हवेत दमटपणा २० टक्क्यांच्या खाली, अशा हवेत लाकूड थांबेल ४ टक्के पाण्यावर. ऑगस्टमधे दमटपणा ८० च्या वर, तेव्हा तेच लाकूड १६ च्या पुढं जाऊ पाहतं. जाड लाकूड लगेच तिथवर पोचत नाही, आठवडे लागतात, पण ५ ते १५ एवढी झेप वर्षात एकदा सहज. मुंबई-कोकणातल्या लाकडाला बारा महिने दमट हवेची सवय, एवढी उडी त्याला मारावी लागत नाही, आमच्या विदर्भातल्या लाकडाला दर वर्षी मारावीच लागते.

हिशोब करून बघा. दस्त्याचा पुढचा भाग लोखंडी नळकांड्याला दोन बाजूंनी कवेत घेतो, त्या भिंती आमच्या बंदुकीत १२ मिमी जाड. अक्रोड १० टक्के पाण्याच्या फरकानं अडीच टक्के फुगतं म्हणजे ०.३ मिमी. स्क्रू पाच मिमीचा, त्याचा एक फेरा ०.८ मिमीचा. म्हणजे पावसाळ्यात नीट आवळलेला स्क्रू उन्हाळ्यात कोणी हात न लावता एक तृतीयांश फेऱ्यापेक्षा जास्त ढिला! तेवढ्याच जाडीचं लोखंड ३० डिग्रीच्या फरकानं ०.००४ मिमी वाढतं, म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर पट कमी. एकाच बंदुकीत दोन वस्तू आणि दोघींचं कॅलेंडर वेगळं.

पण नुसतं ढिलं होणं हा अर्धाच भाग, कारण ढिलं झालं की परत आवळता येतं. खरी गडबड आवळल्यावर आहे. कुऱ्हाडीचा दांडा हालायला लागला की आपण काय करतो, रात्रभर बादलीत टाकतो. सकाळी घट्ट. बंडीच्या चाकाच्या आऱ्या उन्हाळ्यात खुळखुळल्या की चाक नाल्यात टाकतात, तेच. पंधरा दिवसांनी दांडा आधीपेक्षा जास्त हालतो हे सगळ्यांना माहीत आहे पण काऊन होते ते कोणी विचारत नाही. लाकूड फुगायला बघतं, भोवती लोखंडाची कडी, जागा नाही, मग ते स्वतःच्याच नळ्या चिरडतं. चिरडलेल्या नळ्या परत गोल होत नाहीत. वाळल्यावर दांडा मूळ मापापेक्षाही बारीक. पोरानं दर आठवड्याला स्क्रू आवळून नेमकं हेच केलं होतं, पावसाळ्यात भिंती फुगत होत्या आणि तो त्यांना हलू देत नव्हता, पोळ्यानंतर जरा ऊन पडून हवा कोरडी झाली की खड्डा पडलेला आणि स्क्रू मोकळा. आवळत गेला तसा रोग वाढला.

यात एक गंमत सांगायची राहिली. लाकूड फुगलं की त्यातलं भोक मोठं होतं की लहान? वर्गात विचारलं तर सगळे म्हणतात लहान. सगळं लाकूड सारखं फुगलं तर भोक मोठं होतं, फोटो झूम केला की फोटोतली खिडकीपण मोठी होते तसं. पण पाणी एकाच बाजूनं शिरलं तर मग भरवसा नाही, दस्ता वाकतो किंवा खाच आवळते. आम्ही बाहेरून सहा हात तेल दिलं होतं आणि आतली खाच तशीच कोरी ठेवली, कोण बघतंय म्हणून. सगळं पाणी तिथूनच ये-जा करत होतं.

आणि कूलर. मे मधे बाहेर २० टक्के दमटपणा असतो पण कूलरच्या खोलीत ६० च्या आसपास, म्हणजे आम्ही १० टक्के पाण्याच्या लाकडाला माप दिलं आणि मग बंदूक ठेवली माळ्यावर टिनाखाली. तिथं ते सुकून ५ वर. असं काम करायचं तर बिनकूलरच्या खोलीत घाम गाळत करा किंवा सरळ दिवाळीनंतर करा, तेव्हा हवा मधली असते.

आम्ही दिवाळीपर्यंत थांबलो. दस्ता सुटा करून किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर रविवारी ठेवायचो, पोळ्याच्या आठवड्यात १,१४० ग्रॅम होता, दिवाळी झाल्यावर १,०९५ वर येऊन थांबला. ओलावा मोजायचं मीटर विकत घ्यायची गरज नाही, वजन दोन-तीन आठवडे हललं नाही म्हणजे लाकूड त्या हवेशी जुळलं.

मग चिरडलेल्या जागा गिरमिटानं मोठ्या करून त्यात पितळी नळीचे १२ मिमीचे तुकडे आराल्डाईटनं बसवले. आता स्क्रू आवळला की ताण पितळेतून सरळ लोखंडावर जातो, लाकूड आजूबाजूला काय फुगायचं ते फुगो. मोठ्या रायफलींच्या दस्त्यातही खांबासारख्या अशाच नळ्या बसवतात, शोध काही आमचा नाही. एकच सावधगिरी, जिथं चिकटायला नको त्या लोखंडाला आधी मेणाचं बूटपॉलिश चोपडा, नाहीतर बंदूक आणि दस्ता जन्माचे नवराबायको.

खाच बसवायची मामांची पद्धत बघण्यासारखी. तेलात दिव्याचं काजळ कालवलं, लोखंडाला बोटानं पुसटसं लावलं, दस्त्यात ठेवून हातोडीच्या दांड्यानं दोन टिचक्या, उचललं. लाकडावर जिथं काळं उमटलं तिथं उंचवटा, तेवढंच पटाशीनं खरवडायचं, कागदाएवढं. परत काजळ, परत ठेव, परत उचल. मी पस्तीसपर्यंत मोजलं मग चहा आला. सुरुवातीला तीन ठिपके होते, शेवटी खाचभर काळं जाळं. तीन ठिपक्यांवर टेकलेली बंदूक दर झटक्याला वेगळीकडं डुलते, जाळ्यावर टेकलेली एकसारखी. (हे सगळं करताना बंदूक ताणलेली नको, छर्रा नको, आणि स्प्रिंगचं नळकांडं घरी उघडायचं नाही.)

घासण्याबद्दल एवढंच, १२० नंबर कागद, मग २२०, मग ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्या, दबलेले तंतू दाढीच्या खुंटासारखे उभे राहतात, ते ३२० नं कापा. दोनदा करा. नाहीतर पहिल्या पावसातल्या घामट हातानं ते उभे राहतीलच.

आता तेल. जगभर बंदुकीच्या दस्त्याला जे तेल शेकडो वर्षं लावतात ते जवसाचं, आणि जवस म्हणजे आमच्या रब्बीतलं निळ्या फुलाचं पीक, ज्याची चटणी खाऊन आम्ही मोठे झालो. शेंगदाण्याचं तेल दस्त्याला लावा, वर्षभर चिकट राहील. जवसाचं वाळतं. पण वाळतं म्हणजे उडून जात नाही. त्यातल्या अर्ध्याहून जास्त स्निग्धाम्लात एकेका साखळीवर तीन-तीन जोडबंध असतात, तिथं हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींना गुंफल्या जातात, तेलाचं जाळं होतं, घट्ट. म्हणून वाळताना जवसाच्या तेलाचं वजन वाढतं! करडईच्या तेलात असे बंध कमी, तेपण वाळतं पण हळू. पेंटच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून जो डबा मिळतो त्यात धातूचे क्षार घातलेले असतात, ते हीच क्रिया पळवतात, तो खायचा नाही.

हात पातळ द्यायचा, तळव्यानं चोळायचा, जास्तीचं पुसून घ्यायचं, दिवसभर थांबायचं, मग पुढचा. जाड दिला तर वरून साय धरते आणि खाली ओलंच.

आणि पुसलेली फडकी. गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ऑक्सिजन बसताना उष्णता निघते, गोळ्यात ती कोंडते, उष्णतेनं क्रिया अजून वाढते आणि काही तासांत फडकं आपोआप पेटू शकतं, काडी न लावता. कापसाच्या गंजीशेजारी तर देवा. आम्ही ती कुंपणाच्या तारेवर एकेक पसरून वाळवली.

पण एक खरं सांगतो, जवसाचं तेल दिसायला सुंदर, पाण्याचे थेंब थोडा वेळ अडवतं, हवेतल्या वाफेला मात्र फारसं अडवत नाही. त्या बाबतीत चपडा लाख कितीतरी भारी, आमच्याच गोंदिया-गडचिरोलीकडं पळस-कुसुमावर पिकते ती. म्हणून आतल्या खाचेत आणि मागच्या टोकाला, जिथं नळ्यांची तोंडं उघडी पडतात, स्पिरिटमधे विरघळवलेल्या लाखेचे चार हात, आणि बाहेरून तेल. बाहेरून लाख का नाही? घामानं आणि पाण्यानं पांढरी पडते, आणि ओरखडा पडला की डाग दिसतो, तेलाला परत एक हात दिला की झालं.

स्क्रूच्या डोक्यावर आणि पितळेवर पोरानं नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवली होती, बहिणीची. मे मधे पाहिलं, रेघ जुळलेली. ऑगस्टमधे पाहिलं, जुळलेली. पुठ्ठ्यावर पाच छर्रे परत नाण्यात आले, म्हणजे चार आले, एक नेहमी बाहेर जातो पण तो पोराचा.

आता मामांना चेव चढलाय. जुन्या वाड्याच्या चौकटीचं सागवान आणलंय, अलापल्लीकडचं म्हणतात, २०२३ मधे अयोध्येच्या मंदिराला तिकडूनच सागवान गेलं तेव्हापासून मामांच्या प्रत्येक फळीचं माहेर अलापल्ली असतं. सागवान फुगतं कमी, पण त्याच्या अंगातल्या तेलामुळं आराल्डाईट नीट धरत नाही आणि जवस लवकर वाळत नाही, आधी थिनरनं पुसून घ्यावं लागतं, शिवाय त्यात सिलिका असते, पटाशीची धार दहा मिनिटात बसते. मामा शिव्या देत धार लावतात. फळी सध्या माझ्याकडं आहे, दर रविवारी पिशवीत घालून किराणा दुकानात नेतो, परवा चार ग्रॅम कमी भरली, आणि दुकानदार दर वेळी विचारतो, सर, हे विकाचं हाय का?