मुंबईतला ‘कॉमिक ऑपेरा’: पार्श्वभूमी

ग्रँट रोडचे थिएटर 1846 साली उघडले. तिथले सुरुवातीचे इंग्रजी प्रयोग बाजूला ठेवू. परदेशी गायकमंडळींच्या फेऱ्या सोप्या झाल्या त्या 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर.

‘कॉमिक ऑपेरा’ला ‘विनोदी संगीतिका’ म्हटले की घोटाळा सुरू होतो. फ्रेंच परंपरेत या नावाचा हशाशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. दोन गाण्यांमधला मजकूर गाऊन नव्हे, बोलून म्हटला की पुरे. 1875 ची ‘कार्मेन’ याच वर्गातली, आणि तिचा शेवट खुनाने होतो. इटालियन विनोदी ऑपेऱ्यात उलट संवादही गायले जातात. मुंबईत त्यात आणखी भर पडली: पारशी मंडळ्या गाण्यांनी भरलेल्या आपल्या नाटकांनाही बेधडक ‘ऑपेरा’ म्हणू लागल्या. 1880 मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ आले, त्यातही गद्य आणि पदे असाच साचा. त्यावरून संगीत नाटक ऑपेऱ्याचे अपत्य ठरवणे मात्र घाईचे. साकी, दिंडी, लावणी आणि रागदारी यांच्या चालींत एकाच वेळी चार वेगळ्या स्वरओळी गाणारा कोरस कुठे बसणार?

खरी अडचण वादकांची. दौऱ्यावर पूर्ण वाद्यवृंद आणणे परवडत नसे, म्हणून पलटणीच्या बँडमधले वादक घेत. 1896 नंतर लंडनच्या मैफलींत ‘ए’चा सूर (ज्यावरून सगळी वाद्ये लावतात) सेकंदाला 439 कंपनांवर उतरला, लष्करी बँड मात्र 1920 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जुन्या 452 च्या आसपासच राहिले. फरक साधारण पाव स्वराचा, म्हणजे नव्या सुरावर लावलेला पियानो आणि बँड एकत्र वाजले की बेसूर. क्लॅरिनेटचे सांधे ओढून सूर उतरवावा, तर सगळे स्वर सारखे उतरत नाहीत, मधलेच बेसूर होतात. पियानो चढवावा, तर जुन्या तारा तुटतात, आणि न तुटल्या तरी दमट हवेत लावलेला सूर टिकत नाही. पट्टी अर्ध्या स्वराने बदलूनही पाव स्वराचा फरक उरतोच, फक्त उलट बाजूने.

व्हायोलिन कोणत्याही सुराला लावता येते, म्हणूनच चर्चच्या शाळांत नोटेशन (लिखित स्वरलिपी) शिकलेले गोवेकर व्हायोलिनवादक मोलाचे ठरले. इटालियन मंडळीच्या प्रयोगांवरून स्फूर्ती घेऊन 1892 मध्ये मुंबईतच पहिले कोकणी तियात्र (गोवेकरांचे गाण्यांसह नाटक) झाले. पण त्यातही दोन पडद्यांमधली (प्रवेशांमधली) ‘कांतारां’, म्हणजे गाणी, बहुधा कथानकाशी संबंध न ठेवता गायली जातात. ऑपेऱ्याची शिस्त तिथे घेतलीच नाही. गिरगावजवळच्या ऑपेरा हाऊसचे उद्घाटन 1911 मध्ये झाले खरे, पण पुढे त्या इमारतीला पोसले सिनेमाने. गोवेकर वादकही तोवर मूकपटांच्या पडद्याखाली बसले होते.